रोजगार हमी आणि दक्षिण कोकण : पुराव्याच्या प्रवासाचा एक अभ्यास

१

महाराष्ट्रातील दारिद्र्यनिवारणाच्या प्रयत्नांचा इतिहास दोन अंगांनी लिहिता येतो. एक अंग योजनांचे, कायद्यांचे आणि त्यांवर झालेल्या खर्चाचे. या अंगाने पुष्कळ लेखन झालेले आहे. दुसरे अंग पुराव्याचे होय. दारिद्र्य कोठे आहे, किती आहे, ते कशाने हटते, हे कोणी व कसे ठरविले. आणि ठरविलेले ज्ञान शासनाच्या हाती पोचविण्यासाठी कोणाकोणाचे साहाय्य घ्यावे लागले, हा या अंगाचा विषय. या दुसऱ्या अंगाकडे पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पुरावा ज्या भूमीत गोळा झाला त्या भूमीचे गुणदोष त्याच्याबरोबर चालत येतात, आणि एका प्रदेशात सिद्ध झालेला उपाय दुसऱ्या प्रदेशात नेताना तो पुन्हा सिद्ध करावा लागतो.

या विधानाची कसोटी पाहण्यास रोजगार हमी योजना आणि सिंधुदुर्ग जिल्हा ही जोडी विशेष उपयुक्त आहे. योजनेचा जन्म सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याच्या कोरडवाहू भागात झाला. सिंधुदुर्ग हा सुमारे ३००० मिलिमीटर पावसाचा, जांभ्या दगडाचा, समुद्राला लागून असलेला प्रदेश. एकीकडे पाणी नाही म्हणून दारिद्र्य, दुसरीकडे पाणी पडते आणि वाहून जाते तरी दारिद्र्य. देशावर तयार झालेली हमी घाट उतरून मालवणच्या किनाऱ्यापर्यंत येईतो तिच्यात कोणते बदल झाले, आणि ते घडवून आणण्यास कोणकोणत्या व्यक्ती व संस्था एकत्र आल्या, हे पुढील विवेचनात पाहावयाचे आहे.

२

‘पाहणी’ हा शब्द आज संशोधनाच्या परिभाषेत रूढ असला तरी तो मुळात महसुली व्यवहारातला आहे. पेशवाईच्या काळी उभ्या पिकाची व जमिनीची प्रत्यक्ष तपासणी करून सारा ठरविण्याच्या कामास पाहणी म्हणत. राज्यकर्त्याच्या डोळ्यांनी रयतेकडे पाहणे असा तिचा अर्थ, आणि तिचे फळ म्हणजे वसुली. विसाव्या शतकात त्याच शब्दाला ‘सामाजिक’ व ‘आर्थिक’ ही विशेषणे लागली, आणि पाहणीची दिशा उलटली: रयतेकडून काय घ्यावयाचे याऐवजी तिला काय कमी पडते, हे पाहणे सुरू झाले. शब्द तोच राहिला; पाहणाराचे प्रयोजन बदलले.

हे प्रयोजन बदलण्याचे श्रेय महाराष्ट्रात ज्या संस्थांकडे जाते त्यांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे स्थान पहिले आहे. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली ही संस्था उभी राहिली आणि धनंजय रामचंद्र गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गाडगीळांची कार्यपद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी (१९४०), गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी (१९४८), पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, अशी कामे एकीकडे चालू असताना दुसरीकडे ते सहकारी चळवळीत प्रत्यक्ष उतरले. प्रवरानगर येथील साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटील यांच्या जोडीला ते उभे राहिले, आणि कारखान्याचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या सूत्रसंचालक समितीतही ते होते. सर्व सहकारी संस्था मिळून शेतकऱ्याच्या एकंदर कर्जापैकी अवघे ३ टक्क्यांच्या आसपास कर्ज पुरवितात, हे या पाहणीने दाखविले. सहकाराचे समर्थक असलेल्या मंडळींनीच ही संख्या प्रसिद्ध केली. आपल्या आवडत्या मताविरुद्ध जाणारा पुरावा दडवावयाचा नाही, तो सुधारणेचा पाया करावयाचा, हा संकेत या परंपरेने घालून दिला.

गाडगीळांनंतर १९६६ साली विनायक महादेव दांडेकर संस्थेचे संचालक झाले. दांडेकर हे मुळात संख्याशास्त्राचे अभ्यासक. नीलकंठ रथ यांच्या सहकार्याने त्यांनी सिद्ध केलेला भारतातील दारिद्र्याविषयीचा प्रबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. दररोज २२५० उष्मांक मिळतील इतके अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर माणसास घेता येते, ती पातळी त्यांनी दारिद्र्याची सीमा मानली. १९६०-६१ च्या किमतींनी ग्रामीण भागात माणशी दरमहा सुमारे १५ रुपये व नागरी भागात साडेबावीस रुपये अशी ही सीमा ठरली. आणि तिच्याखाली खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक असल्याचे त्यांनी दाखविले. जमिनीचे फेरवाटप कितीही केले तरी सर्वांना पुरेशी जमीन मिळणे शक्य नाही. तेव्हा ज्यांच्यापाशी श्रमाखेरीज काही नाही त्यांना सार्वजनिक कामांवर रोजगार पुरविणे हाच व्यवहार्य मार्ग होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने झालेला हा अभ्यास पुढे विद्यापीठांत व नियोजन मंडळात वर्षानुवर्षे वादाचा विषय राहिला.

३

नेमक्या याच निष्कर्षाला एक राजकीय कार्यकर्ता अगदी वेगळ्या वाटेने येऊन पोचला होता. विठ्ठल सखाराम पागे (१९१०–१९९०) यांचे नाव महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात दोन कारणांनी राहिले: १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि रोजगार हमी योजनेचे ते जनक होत. स्वातंत्र्यलढ्यातला कार्यकर्ता, कायद्याचा अभ्यासक आणि संतवाङ्मयाचा व्यासंगी, अशी त्यांची घडण होती. सभापतिपदाला स्वतःचे खाते नसते, अंदाजपत्रक नसते, अधिकारी नसतात. परंतु त्या पदावरील माणसाचे म्हणणे सत्ताधारी व विरोधी हे दोन्ही पक्ष ऐकून घेतात. या मर्यादित परंतु विश्वासाच्या अधिकाराचा उपयोग पागे यांनी माणसे जोडण्याकडे केला. त्यांच्या कारकिर्दीचे मर्म येथेच आहे.

१९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या संमतीने तासगाव तालुक्यातील विसापूर व आसपासच्या गावांत प्रायोगिक स्वरूपात हमीचे काम सुरू झाले. शेतीची उत्पादकता वाढविणारी कामे व काम मागणाऱ्यास रोजगार, अशी दोन्ही टोके त्यात एकत्र बांधलेली होती. प्रयोग लहान असल्यामुळे त्याचे दोष दिसून आले, हाच त्याचा लाभ. किती लोक कोणत्या हंगामात खरोखर काम मागतात, कोणती कामे मोजमापास सोपी पडतात, यांचा अनुभव हाती आल्यावर १९७२ साली राज्याने रोजगार हमी योजना जाहीर केली. तथापि त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. हमी योजना काही काळ बाजूस ठेवावी लागली, आणि १९७४ पासून ती पुन्हा हाती घेतली गेली. दुष्काळी कामांनी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली: शासनाने मनावर घेतल्यास एवढ्या प्रचंड संख्येला काम पुरविणे प्रशासनास शक्य आहे. विसापूरच्या प्रयोगाने जे लहान प्रमाणावर दाखविले होते ते दुष्काळाने मोठ्या प्रमाणावर दाखविले.

पुढील प्रश्न पैशाचा होता. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नागरी पगारदार, व्यावसायिक व व्यापारी यांजकडून येणारा हा कर रोजगार हमीसाठी राखून ठेवण्यात आला आणि शासनाने त्यात तितकीच भर घालण्याचे मान्य केले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या प्रौढ व्यक्तीस १५ दिवसांत काम, काम न दिल्यास बेकारी भत्ता, कामाच्या मापाप्रमाणे मजुरी, आणि एकंदर खर्चापैकी किमान ६० टक्के रक्कम अकुशल मजुरीवर, ही त्याची मुख्य कलमे. काम मागणाऱ्यांची नोंद महसूल खात्याकडे व काम करवून घेणे पाटबंधारे, बांधकाम, शेती, वन या खात्यांकडे, अशी विभागणी केल्यामुळे एका खात्याचा दुसऱ्यावर वचक राहिला.

‘मागेल त्याला काम’ हे या योजनेचे लोकांच्या तोंडी बसलेले सूत्र. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ‘गरिबाला काम’ असे ते म्हणत नाही. गरीब कोण हे ठरविण्याचा अधिकार तलाठ्याकडून काढून ते तो मागणाऱ्याकडे देते. जो उन्हात माती उपसावयास तयार होतो तो गरजू, असे गृहीत धरते. अर्थशास्त्रज्ञ ज्याला स्वयंनिवड म्हणतात ती कल्पना या तीन शब्दांत सामावलेली आहे. परंतु मराठीत ‘मागणे’ या क्रियापदाला हक्काची छटा आहे तशीच याचनेचीही आहे. कायद्याला पहिली अभिप्रेत होती. प्रत्यक्षात कोणती ऐकू येईल हे गावावर, जातीवर, आणि मागणारा पुरुष आहे की स्त्री यावर अवलंबून राहिले.

४

योजनेचे मूल्यमापन लगेच सुरू झाले, हे तिचे दुसरे वैशिष्ट्य. नियोजन आयोगाच्या मूल्यमापन विभागाने राज्य शासनाच्या सहकार्याने केलेल्या पाहणीचा अहवाल १९८० साली निघाला. त्याच वर्षी दांडेकर व माधव साठे यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कामावर येणारांत अल्पभूधारक व भूमिहीन यांचाच भरणा आहे, हे या अभ्यासांतून स्पष्ट झाले. कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ साली योजनेतील स्त्रियांच्या सहभागाचा स्वतंत्र अभ्यास मांडला. घराजवळ, ठरावीक मापाचे व समान दराचे काम मिळाल्यास स्त्रिया मोठ्या संख्येने बाहेर पडतात, ही गोष्ट त्यामुळे धोरणकर्त्यांच्या नजरेस आली. १९८५ साली नीलकंठ रथ यांनी केंद्राच्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कठोर चिकित्सा केली. कर्ज व अनुदान यांवर दुभती जनावरे वा अवजारे देऊन फार थोडी कुटुंबे दारिद्र्यरेषेवर येतात. त्यापेक्षा मजुरीचा रोजगार अधिक भरवशाचा, असे त्यांचे प्रतिपादन होते. यावर दांतवाला प्रभृतींनी प्रतिवाद केला व तो वाद दीर्घकाळ चालला. वादाचा निकाल काहीही लागो, योजनेचे समर्थक व टीकाकार एकाच प्रकारचा पुरावा समोर ठेवून बोलत होते, हे येथे महत्त्वाचे.

तथापि या पुराव्याचा भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. सोलापूर, अहमदनगर, बीड, नाशिक यांसारख्या अवर्षणप्रवण भागांत कामे जास्त, मजूर जास्त, आणि म्हणून योजनेविषयीच्या चर्चेला उदाहरणेही बहुधा तेथलीच. कोकणात योजनेचा वापर तुलनेने कमी राहिला. यावरून कोकणात गरज कमी, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. तो निष्कर्ष चुकीचा होता.

५

दक्षिण कोकणाच्या दारिद्र्याचा आकार वेगळा आहे. भातशेतीचे लहान लहान कुणगे, त्यांच्या वर वरकस जमीन, आणि तिच्याही वर कातळाचा उजाड सडा, अशी येथील गावाची ठेवण. पावसाचे चार महिने सरले की शेतीचे काम जवळजवळ थांबते. खोतीच्या पद्धतीने कुळांना शतकभर बांधून ठेवले होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, परंतु प्रत्यक्ष कायदा होण्यास १९४९ साल उजाडले. कुळकायद्याने कसणाराच्या नावे जमीन झाली तरी ती तुकड्यांत विभागलेली होती.

या परिस्थितीवर येथील माणसाने स्वतःच एक तोड शोधली होती, ती मुंबई. गिरणीत वा गोदीत नोकरी धरावी, गावी मनिऑर्डर पाठवावी, शिमग्याला व गणपतीला घरी यावे, हा क्रम पिढ्यान्पिढ्या चालला. ‘चाकरमानी’ या शब्दात नोकरीचा जो मान आहे तो गावच्या मातीकामाला नव्हता. पुरुष मुंबईस आणि शेत, घर, गुरे स्त्रियांच्या माथी. याची खूण जनगणनेत स्पष्ट उमटते. २०११ साली सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. २००१ मध्ये ८,६८,८२५ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली; राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली.

मनिऑर्डर ही एका अर्थी दक्षिण कोकणची खासगी रोजगार हमी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि ती हमी कोसळली. पुष्कळ कामगार गावी परतले. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन (१ मे १९८१) तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. म्हणजे शासकीय हमी कायद्याने अस्तित्वात होती, तिची गरज अभूतपूर्व होती, आणि तरीही तिचा उपयोग मर्यादित राहिला. यात एक विपर्यासही होता: ज्या व्यवसाय करावर हमी चालत होती तो भरणाऱ्या मुंबईच्या पगारदारांत दक्षिण कोकणातून गेलेली माणसेही होती.

उपयोग मर्यादित राहण्याची कारणे योजनेच्या रचनेतच होती. काम सुरू करण्यास एके ठिकाणी किमान ५० मजूर असावेत, अशी अट होती. देशावरील गाव एका पांढरीत दाटीने वसलेले; कोकणातले गाव वाड्यावाड्यांत, डोंगर-वहाळांच्या आडोशाने विखुरलेले. एका वाडीत ५० मजूर जमणे दुष्कर, आणि चार वाड्यांचे जमवावयाचे तर मधे खाडी वा घाटी. पाझर तलाव, नालाबांध ही योजनेतील आवडती कामे काळ्या व मुरमाड जमिनीला अनुरूप होती. सच्छिद्र जांभ्यात पाणी अडविले तरी थांबत नाही. शिवाय पावसाळ्यात येथे मातीकाम अशक्य असते, आणि उरलेल्या काळात पुरुष बाहेरगावी.

येथे शासकीय वर्गवारीचाही वाटा होता. पुढे १९९४ मध्ये राज्यात तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, तेव्हा विदर्भ व मराठवाडा यांना स्वतःचे नाव मिळाले. कोकण ‘उर्वरित महाराष्ट्र’ या मंडळात गेले. पुणे, कोल्हापूर व सिंधुदुर्ग यांची सरासरी एकत्र काढली असता सिंधुदुर्गाचे दुखणे त्या सरासरीत बुडून जाते. ‘उर्वरित’ या शब्दाचा अर्थच मुळी मोजून झाल्यावर उरलेले असा आहे.

६

हमीला कोकणचे रूप देणारा बदल १९९० साली झाला. रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना राज्याने त्या वर्षी सुरू केली. सार्वजनिक जागेवर एकत्र जमून खडी फोडण्याऐवजी शेतकऱ्याने स्वतःच्या पडीक जमिनीत खड्डे खणावेत, कलमे लावावीत, त्यांना पाणी घालावे. आणि या श्रमाची मजुरी व सामग्रीचा खर्च त्यास हमीच्या निधीतून टप्प्याटप्प्याने मिळावा, अशी ही कल्पना. पुढील वर्षाची रक्कम जगलेल्या झाडांच्या प्रमाणाशी जोडलेली होती. मोजमाप खणलेल्या मातीचे न राहता जगलेल्या झाडाचे झाले, हा या बदलातील सर्वांत मोलाचा भाग. ५० मजुरांची अडचण उरली नाही, जांभ्याची अडचण गुण ठरली, आणि घरी राहणाऱ्या स्त्रीला आपल्याच परड्यालगत काम मिळाले.

परंतु ही कल्पना मंत्रालयात एका दिवसात सुचली आणि कोकणात रुजली, असे समजणे भ्रामक ठरेल. तिच्यामागे तीन दशकांचे संशोधन उभे होते. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ साली स्थापन झाले. १८ मे १९७२ रोजी दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ निघाले व हे केंद्र त्याच्या कक्षेत आले. काजूच्या निवडक व संकरित ‘वेंगुर्ला’ जाती, आंब्याच्या ‘रत्ना’ व पुढे ‘सिंधू’ या जाती, ही या संशोधनाची फळे. त्याहून अधिक परिणामकारक ठरली ती कोय कलमाची पद्धत. जुन्या भेटकलमास वेळ व कौशल्य फार लागे; कोवळ्या रोपावर कलम बांधण्याच्या पद्धतीमुळे थोड्या जागेत हजारो कलमे तयार करता येऊ लागली. काजूचे झाड बियांपासून लावल्यास कसे निघेल याचा भरवसा नसतो. कलमामुळे तो मिळाला. लाखो कलमांची मागणी एकदम येताच ती पुरविणाऱ्या रोपवाटिका गावोगावी उभ्या राहू शकल्या, त्या या पूर्वतयारीमुळे.

विसापूरच्या प्रयोगाने हमीच्या तत्त्वाला जे दिले ते वेंगुर्ले-दापोलीच्या प्रयोगांनी तिच्या कोकणी रूपाला दिले. दोन्ही ठिकाणी सूत्र एकच: आधी लहान क्षेत्रात करून पाहावे, दोष काढावेत, मग पैसा ओतावा. याच भूमीत त्याहून आधी, १९४८ साली, अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापून मलमूत्राच्या खतापासून चर्मोद्योगापर्यंत अनेक प्रयोग केले होते. त्यांचे प्रयोग शास्त्रीय वृत्तीचेच होते. परंतु त्यांना शासनाचा निधी व विद्यापीठाची जोड मिळाली नाही, म्हणून त्यांचा प्रसार त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या कक्षेपलीकडे फारसा गेला नाही. प्रयोग, निधी आणि प्रशासन हे तिन्ही एकत्र आल्याखेरीज पुरावा धोरण होत नाही, याचे हे एक उदाहरण होय.

फळबाग योजनेच्या मर्यादाही नमूद करणे अवश्य आहे. पहिली मर्यादा अशी की, ती ज्याच्यापाशी जमीन आहे त्यालाच पोचते. मूळ हमी भूमिहीनासाठी होती. नव्या रूपात तो बागेतील मजूर म्हणून उरला, मालक झाला नाही. दुसरी मर्यादा सातबाऱ्याची. दक्षिण कोकणात एकाच उताऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात. त्यांतील काही मुंबईस, काही दिवंगत. सर्वांची संमती मिळविणे हे कित्येक घरांना खड्डे खणण्याहून कठीण गेले. सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकुळ, गेळे येथील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न तर पिढ्यान्पिढ्या रेंगाळला. तिसरी मर्यादा बाजाराची: झाड जगले तरी फळाचा भाव ठरविणारा दलाल वाशीस बसलेला. पुढे २०१८ साली राज्याने भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने स्वतंत्र फळबाग योजना आणली व तीत कोकणासाठी लागवडीची कमाल मर्यादा १० हेक्टर, इतरत्र ६ हेक्टर ठेवली. कोकणची जमीन वेगळी आहे हे शासनाच्या कागदावर उमटले. परंतु वाढीव मर्यादेचा लाभ अधिक जमीन असणारालाच अधिक, हेही उघड आहे.

७

किनाऱ्यावरील मच्छीमार मात्र या सर्व चौकटीबाहेर राहिला. त्याची जमीन म्हणजे समुद्र. तीत खड्डे खणता येत नाहीत. मालवण-वेंगुर्ल्याची रापण ही सामुदायिक मासेमारीची जुनी पद्धत: लांबलचक जाळे होडीने टाकावयाचे, दोन्ही टोके किनाऱ्यावरून सर्वांनी ओढावयाची, आणि मासळीची वाटणी ठरलेल्या हिश्शांनी करावयाची. ओढण्यास हात लावणाऱ्याचा वाटा ठरलेला. म्हणजे येथेही ‘येईल त्याला काम’ या तत्त्वाचे एक देशी रूप नांदत होते. यांत्रिक ट्रॉलर व पुढे पर्ससीन नौका आल्यावर किनाऱ्याजवळची मासळी घटली, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार होती. राज्याने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ साली केला. परंतु तक्रार व पुरावा यांतील अंतर बरीच वर्षे तसेच राहिले. भारतीय मत्स्य सर्वेक्षण विभागाचे माजी महासंचालक डॉ. वि. शं. सोमवंशी यांच्या समितीने २०१२ साली दिलेल्या अहवालाने ते अंतर कमी केले, आणि त्याच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीच्या हंगामावर व क्षेत्रावर निर्बंध आले. या प्रकरणी पुराव्याने एकाचे पोट वाचविले तेव्हा दुसऱ्याच्या धंद्यास मर्यादा घातली. म्हणून तो सर्वमान्य झाला नाही, आणि अंमलबजावणीचा संघर्ष पुढेही चालू राहिला.

याउलट उदाहरण मालवण सागरी अभयारण्याचे. १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे हे अभयारण्य घोषित झाले. पण मच्छीमारांना त्यात सहभागी करून घेतलेले नव्हते, म्हणून त्यांचा विरोध झाला. जीवशास्त्राचा पुरावा भक्कम होता, परंतु ज्यांच्या उपजीविकेवर त्याचा भार पडणार ते त्या विचारात नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या व जागतिक पर्यावरण सुविधेच्या साहाय्याने २०१२ च्या सुमारास सुरू होऊन २०१७ पर्यंत चाललेल्या सिंधुदुर्ग प्रकल्पात ही चूक टाळण्याचा प्रयत्न दिसतो. राज्याचा कांदळवन कक्ष, केंद्रीय समुद्री मत्स्यकी संशोधन संस्था, आणि गावातील बचत गट यांची येथे जोड झाली. खेकडे, कालवे व शिंपल्यांची शेती, लहान मासळी निसटून जावी म्हणून चौकोनी आसाची जाळी, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला गटाने चालविलेली कांदळवनाची होडीसफर, असे प्रयोग झाले. २०१७ साली राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आखली, तीत सामूहिक प्रकल्पास ९० टक्के व वैयक्तिक प्रकल्पास ७५ टक्के अनुदान ठेवले. गटाला व्यक्तीपेक्षा अधिक देण्यामागील विचार रापणीच्या वाटणीशी सुसंगत आहे, ही गोष्ट कोकणच्या अभ्यासकाच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही.

८

२००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राच्या योजनेचा अनुभव त्याच्यापुढे होता. विसापूरच्या काही गावांतील प्रयोग चाळीस वर्षांत देशाचा कायदा झाला. पागे यांचे कर्तृत्व या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचे खरे स्वरूप उमगते. त्यांनी स्वतः पाहणी केली नाही, उष्मांक मोजले नाहीत, अंदाजपत्रक बनविले नाही. ज्यांच्यापाशी ज्ञान होते, ज्यांच्यापाशी सत्ता होती आणि ज्यांच्यापाशी गरज होती, त्यांना पंधरा-वीस वर्षे चिकाटीने एका मेजाभोवती ठेवण्याचे काम त्यांनी केले. धोरणाच्या इतिहासात या कामाची नोंद क्वचितच होते. कारण त्याचा पुरावा ग्रंथांत सापडत नाही, पत्रव्यवहारात व सभांच्या इतिवृत्तांत विखुरलेला असतो.

सिंधुदुर्गाच्या अनुभवाने या चित्रात भर घातली ती अशी. हमीचे तत्त्व सार्वत्रिक असले तरी तिचे माप स्थानिक असावे लागते. ५० मजुरांचे माप देशावर न्यायाचे होते, वाडीत ते अन्यायाचे झाले. खणलेल्या मातीच्या मापाने जे साधले नाही ते जगलेल्या कलमाच्या मापाने साधले. आणि जमिनीच्या मापाने जो मच्छीमार दिसलाच नाही तो रापणीच्या वाट्याच्या मापाने दिसू लागतो. कामाची मागणी कमी आली म्हणजे गरज कमी, या अनुमानाने दक्षिण कोकणची किमान एक दशकाची हानी झाली, आणि त्याच दशकात गिरण्या बंद पडल्या. न मागणाराचे मौन हाही एक पुरावाच असतो. तो वाचण्यासाठी गावची वस्ती, तिचा सातबारा आणि तिची भाषा या तिन्हींचा परिचय लागतो. रोजगार हमीविषयीचे पुढील संशोधन जिल्हावार एकंदर आकड्यांपाशी न थांबता वाडीच्या पातळीवर उतरेल, तर या मौनाचा अर्थ अधिक नेमकेपणाने लावता येईल. आणि ज्या बाईने १९८२ च्या पावसाळ्यानंतर मनिऑर्डरीची वाट पाहिली पण तहसील कचेरीत अर्ज केला नाही, तिची गणनाही या इतिहासात होऊ शकेल.